लाकडी बाळाची बेंबी

“याला बेंबी नाही,” नर्सबाई म्हणाल्या.

चर्चच्या मागच्या खोलीत टेबलावर नवं लाकडी येशूबाळ उताणं ठेवलं होतं. जुनं वाळवीने खाल्लं, म्हणून हे करून घेतलेलं. त्याला झबलं शिवायचं काम निवृत्त नर्सबाईंकडे आलं. माप घ्यायला त्यांनी बाळाचं फडकं सोडलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

प्रसूतीच्या वॉर्डात जन्म गेलेली बाई ती. बाळ ठणठणीत आहे असं खुद्द डॉक्टरांनी सांगितलं, तरी स्वतः बोटं मोजल्याशिवाय त्यांना पटायचं नाही. मूल बाहेर आलं की आधी घड्याळ बघून वेळ मोठ्याने सांगायची, मग नाळ कापायची. वॉर्डात त्यांना सगळे फौजदार म्हणत, आणि त्यांना ते मनातून आवडायचं.

“कपड्याखाली कोण बघतंय, बाई?” फादर म्हणाले.

“मी बघितलं ना.”

“लाकूड छान गुळगुळीत आलं होतं,” दारातला सुतार म्हणाला. “म्हटलं, कशाला खोदा.”

अंगचोर माणसं अशीच गोड बोलतात, हे नर्सबाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी फादरकडे मोर्चा वळवला. “जुन्याला होती का?”

फादरना आठवेना. तीस वर्षं तेच त्याचे कपडे बदलत होते. आता नर्सबाईंना फादरचाही संशय आला.

“खरं सांगा. तो खराच जन्मला, की नुसतं जन्मल्यासारखं केलं?”

“खराच. देव माणूस झाला, यावरच तर आपला सगळा विश्वास उभा आहे.”

“मग नाळ आली. ती कुणीतरी कापली. असलं कोरं पोट मी एकाही पोराचं पाहिलेलं नाही.”

फादर हसले. “एवढ्याशा खड्ड्यासाठी, बाई?”

“माझा मुलगा तासभर जगला,” नर्सबाई म्हणाल्या. “अठ्ठावीस वर्षं झाली. त्याला होती. माझ्याच वॉर्डात झाला, पण वेळ कुणी मोठ्याने सांगितली नाही. तो राहणार नाही, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, देवाला हे कळतं, तोही याच देहातून गेलाय. त्या एका वाक्यावर मी इथे येते. ते खोटं असेल तर आज सांगून टाका.”

फादरचं हसू मावळलं. ते सुताराला म्हणाले, “खोदा.”

“कुठे?”

नर्सबाईंनी बोट ठेवलं. सुताराने बारीक पटाशी काढली. त्याच्या हातावरची नजर त्यांनी क्षणभरही हलवली नाही.

“वर जाताय. जरा खाली घ्या.”

काम झालं. त्यांनी फुंकर मारून भुसा उडवला, करंगळीने खळगा चाचपला, आणि सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“बारा वाजून सात मिनिटं,” त्या मोठ्याने म्हणाल्या.