कडू कुडा आणि गोडा कुडा

मित्रांनो, चिक्कडपल्लीत प्रतापरावांच्या अंगणात, विहिरीच्या डाव्या हाताला जे जुनं, खरबरीत झाड दिसतं ना, ते मी. कडू कुडा! उजव्या हाताला जो गुळगुळीत, देखणा उभा आहे, तो गोडा कुडा. त्याच्याकडे नंतर बघा. आधी माझं ऐका.

आम्हा दोघांना इथल्या आजोबांनी आदिलाबादच्या जंगलातून एकाच टोपलीत आणलं. पाणी एकाच विहिरीचं. पण लाड कुणाचे? त्याचे! त्याच्या फांदीला झोका, त्याच्या सावलीत भातुकली, त्याची फुलं पोरींच्या वेणीत. माझीही फुलं पांढरीच आहेत हो, पण कुणी हात लावील तर शपथ! शेळी माझं पान तोंडात घ्यायची आणि लगेच टाकून द्यायची. मी रोज बघायचो आणि रोज जळायचो. दुसरा उद्योगच नव्हता मला.

प्रतापरावांची मुलगी इंदुमती नववीत होती. निजामाचं राज्य जाऊन वर्ष होत आलं होतं. नारायणगुड्याच्या तिच्या शाळेत पहिल्यांदाच पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन व्हायचं होतं, आणि झेंड्याची दोरी ओढायचा मान इंदूला मिळाला होता. पण तिचं पोट! कितीतरी महिने तिला आव पडत होती, रक्तही जायचं. चार पावलं चालली की बिचारी विहिरीच्या काठावर बसायची.

डॉक्टर घरी येऊन म्हणाले, "आतड्याला आतून सूज आहे. माझं औषध चालूच ठेवा. सोबत कुड्याच्या सालीचा काढा द्यायचा असेल तर द्या, माझी ना नाही."

कुड्याची साल! मी पानापानांतून ताठ झालो. आता माझी पाळी!

प्रतापराव कोयता घेऊन आले. त्यांचा सगळा जन्म दफ्तरात, फायली चाळण्यात गेलेला. त्यांनी दोघांकडे पाहिलं आणि सरळ गोड्याकडे वळले. "हौ, हाच असेल. कसा साफसुथरा दिसतो!"

असा जळफळाट झाला माझा! झाडाला तोंड नसतं, नाहीतर अख्खी चिक्कडपल्ली गोळा केली असती.

इंदू तो काढा गटागट प्यायची. तिची आई पद्मावतीबाई कौतुकाने म्हणायच्या, "किती गुणाची पोर! तोंडसुद्धा वाकडं करत नाही." रोज सकाळी त्या गोड्याला हळदकुंकू वाहायच्या. माझ्यासमोर!

इंदू मात्र वाळतच चालली. एके दिवशी शाळेतून निरोप आला की तिला बरं वाटत नसेल तर दोरी दुसऱ्या मुलीला देऊ. त्या दिवशी इंदू झोक्यावर बसून रडली. झोका हलवलासुद्धा नाही तिने. मित्रांनो, खरं सांगतो, तेव्हा कुठे मी गोड्याकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघितलं.

मग नांदेडहून तिची आत्या आली, जयवंता आत्या. तिने वाटीतला काढा सहज चाखला आणि ओरडलीच.

"पद्मा, हा काढा आहे का पन्हं गं? कुड्याच्या काढ्याचा एक घोट घेतला की माणसाला सात पिढ्या आठवतात!"

तरातरा अंगणात येऊन तिने गोड्याच्या शेंगा हातात धरल्या. "परताप, हे बघ. ह्याच्या जोडशेंगा टोकाला चिकटलेल्या. हा गोडा. अन् त्याच्या सुट्या, तो कडू. औषधाचा तो!"

"पण आक्का, दोन्ही कुडेच ना?"

"तू अन् तुझा साडू, दोघंही रावच ना? मग उद्यापासून त्याच्या दफ्तरात जाऊन बस!"

मी खदखदून हसणार, तेवढ्यात कोयता माझ्या अंगावर आला. दुखलं. फार दुखलं. पण असं सुखाचं दुखणं मला आधी कधी मिळालं नव्हतं.

संध्याकाळी घरातून किंकाळी! "आई, नक्को! विष आहे हे!"

"हां, आता जमलं," आत्या म्हणाली. "पी."

दुसऱ्या दिवशी इंदू माझ्यापुढे उभी राहिली आणि तिने मला जीभ काढून दाखवली. "कडू मेला!" इतकी वर्षं वाट पाहून मला मिळालं काय, तर जीभ!

पण ती रोज प्यायली. नाक धरून, मला नावं ठेवत, झेंड्यासाठी प्यायली. हळूहळू रक्त थांबलं. डॉक्टर म्हणाले, "माझ्या औषधानं, काढ्यानं की दोन्हींनी, ते सांगता येत नाही. प्रत्येकाला लागू पडेल असंही नाही. सालीत नेमकं कोणतं द्रव्य काम करतं ते तपासायला हवं." माझा एक तुकडा त्यांनी रुमालात बांधून नेला. तेव्हापासून मी त्यांच्या औषधाच्या बाटलीवरही जळतो.

पंधरा ऑगस्टला इंदू चालत गेली आणि चालत आली. दोरी तिनेच ओढली! हातात कागदी झेंडा होता. तो तिने कुठे बांधला असेल? गोड्याच्या फांदीला!

मग तिने शेणमाती कालवली. गोड्याच्या सोललेल्या खोडाला लेप लावत म्हणाली, "तुला तर उगीचच सोललं रे." मग माझ्याकडे आली. मला वाटलं, आता पुन्हा जीभ. तिने माझी जखम हळूच लिंपली आणि तिच्यावर तळवा ठेवून उभी राहिली. बराच वेळ. मीही पान हलवलं नाही.

मित्रांनो, आमची साल लागली तर डॉक्टरांना विचारून घ्या. आधी झाड नीट ओळखा. एकाच बाजूची थोडी साल काढा, सगळीकडून सोललं तर आम्ही उभ्या उभ्या मरतो. घेऊन झाल्यावर जखमेला लेप लावायला विसरू नका. आणि लावाल तेव्हा, एवढंच मागतो, आधी मला लावा!