हात मांडीवर

"परत एकदा. दारावर थाप पडली. मग?"

"मी दार नाही उघडायचं. तू उघडायचं."

"मग?"

"हात मांडीवर. विचारलं तरच बोलायचं. तू ऊठ म्हणेपर्यंत उठायचं नाही." बबीने धडाधड सांगून टाकलं आणि मग विचारात पडली. "आणि पिल्लूनं शी केली तर?"

"नाही करणार तो."

"त्याला सांगितलंयस का तसं?"

आईला हसू फुटलं. मग ती उगाचच बबीच्या पिवळ्या कुडत्याची कॉलर सारखी करत राहिली.

बबी तिशीला टेकली होती, तरी घरात बबीच. बुद्धी लहान मुलीएवढी, असं डॉक्टर म्हणत. नेमकी कशाबाबतीत, ते कुणी सांगत नसे. इस्पितळाच्या धुलाईखात्यात ती चादरींच्या घड्या घालायची. तिथल्याच इस्त्रीवाल्याने तिला मागणी घातली, तेव्हा "तुला कळतंय ना, काय मागतोयस ते?" असं आईनेच त्याला दरडावून विचारलं होतं. त्याला कळत होतं. पण पिल्लू पोटात असतानाच तो तापाने गेला आणि पिल्लू जेमतेम पालथं पडायला लागलं तशी बबीच्या नणंदेने कोर्टात धाव घेतली. हिला मूल सांभाळता येणार नाही, ते मला द्या.

नणंद वाईट असती तर सोपं होतं. पण भावाचं लेकरू छातीशी धरून ती रडली होती, ते रडणं काही खोटं नव्हतं.

आता कोर्टाने पाठवलेल्या बाई घर बघायला येणार होत्या. वकीलबाईंनी आदल्या दिवशी नीट समजावलं होतं. "मावशी, नुसती बुद्धी कमी म्हणून आईपासून मूल तोडता येत नाही. कायदा आपल्या बाजूने आहे. ती त्याची आई आहे, एवढं त्यांना दिसू दे. तिला शिकवू-पढवू नका. जशी आहे तशी राहू दे."

जशी आहे तशी! तशी बबी पाहिल्यावर लोक काय करतात, हे वकीलबाईंना कुठून ठाऊक असणार? बबीने मुख्याध्यापिकेला कडकडून मिठी मारली आणि त्याच आठवड्यात शाळा सुटली होती. तेव्हापासून आईने तिला हा खेळ शिकवला. हात मांडीवर, पुतळा व्हायचं. जिंकलीस तर गालाची पापी. दवाखान्यात, बसमध्ये, सासरच्यांसमोर त्या पुतळ्यानेच अब्रू राखली होती. "शांत आहे हो तुमची मुलगी," म्हणायचे लोक.

बाई आल्या. चेहऱ्याने बऱ्या वाटल्या. चहा नको म्हणाल्या आणि आईला म्हणाल्या, "तुम्ही जरा आत बसा. मला तिच्याशी एकटीशी बोलायचंय."

आई स्वयंपाकघराच्या पडद्याआड उभी राहिली.

"बाळाला ताप आला तर काय करशील?"

"कपाळाला हात लावीन. मग आईला सांगीन. मग डॉक्टर."

पडद्याआड आईचा श्वास मोकळा झाला. तेवढ्यात पाळण्यात पिल्लू जागं झालं. आधी कुरकुरलं, मग त्याने भोकाड पसरलं.

एरवी बबी आवाजासरशी धावायची. हे झोपेचं, हे भुकेचं, हे नुसतं कंटाळ्याचं, असं धावता धावताच सांगायची. आता तिने पडद्याकडे पाहिलं. बाई लिहिता लिहिता थांबल्या आणि बघत राहिल्या.

आईच्या ओठांवर 'ऊठ' आलं होतं. हाक मारली तर ही सांगितल्याशिवाय हलत नाही, असं त्या लिहिणार. नाही मारली तर? ती पडदा मुठीत धरून उभी राहिली. उठेल, तिची तीच उठेल.

पिल्लू रडून लालेलाल झालं. बबीच्या पायाची बोटं आवळली गेली. पान्हा फुटला आणि पिवळ्या कुडत्यावर दोन ओले डाग पसरत गेले. पण हात मांडीवरचे हलले नाहीत.

शेवटी बाईंनीच बाळाला उचललं.

आई पडदा ओढून बाहेर आली. "मी शिकवलंय हो तिला! मीच म्हटलं, मी सांगेपर्यंत उठायचं नाही. एरवी जमिनीवर ठेवत नाही ती त्याला."

"विश्वास आहे माझा," बाई हळूच म्हणाल्या. "पण बाळ रडतंय आणि ती तुमच्या शब्दाची वाट बघतेय. उद्या तुम्ही नसलात तर?"

याचं उत्तर तर आई बबीच्या जन्मापासून शोधत होती.

बाईंच्या पाठीवर दार लागलं आणि बबीचा चेहरा उजळला. "आई, मी जिंकले ना?"

कोर्टात वकीलबाई तळमळून बोलल्या. कुठली आई एकटीने मूल वाढवते, साहेब? हिला हाताशी माणूस द्या, मूल काढून घेऊ नका. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाळाचं हित म्हणत बाळ आत्याकडे दिलं. बबीला अधूनमधून भेटता येईल. "आपण वर दाद मागू," जिना उतरताना वकीलबाई म्हणाल्या. तोवर पिल्लू आत्यालाच आई म्हणायला लागेल, हे दोघींनाही कळत होतं.

न्यायला आले त्या सकाळी आईने बबीला काही पढवलं नव्हतं. पिल्लू न्यायला आत्या येणार, एवढंच सांगितलं होतं. "परत कधी आणणार?" असं बबीने विचारलं, तेव्हा ती पिशवी शोधायला उठली होती. पण दारावर थाप पडली आणि बबी आपणहून पळत जाऊन खुर्चीत बसली. हात मांडीवर. दारात नणंद आणि त्याच बाई.

"वहिनी, मी त्याला फुलासारखं जपेन हो," नणंद डोळे पुसत म्हणाली. आईने पिशवी पुढे केली. आत लंगोट होते, इस्पितळातल्या चादरींसारखे कोपऱ्याला कोपरा जुळवलेले. बबीने पहाटेपासून बसून त्यांच्या घड्या घातल्या होत्या. नणंदेने पिल्लूला खांद्यावर घेतलं. बबीने आईकडे पाहिलं. आईने मान फिरवली.

जिन्यात पिल्लू रडायला लागलं. रडणं एकेक मजला खाली जात राहिलं.

"आई," बबी कुजबुजली, "हे भुकेचं आहे."

कुडता पुन्हा भिजत होता.

"त्या गेल्या का? आता उठू?"

हात अजून मांडीवरच होते.