थेंबाची पकड

काचेचा तंतू केसाहून बारीक, आणि त्यावर सुकून बसलेला रेझिनचा एक थेंब, दहिवरासारखा. नरहरी तो थेंब यंत्राच्या चिमट्यात अडकवायचा, तंतू ओढायचा आणि थेंबाने तो किती घट्ट धरलाय ते मोजायचा. चांद्याच्या त्या छोट्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं त्याचं हेच काम. भिंगातून पाहता पाहता थेंब एवढा मोठा होई, की आपण त्याच्या आतच बसलोय असं त्याला वाटे. पिवळसर उजेड, कुठे आवाज नाही.

शुक्रवारी हा उजेड विझला. एकाच मालावर नरहरीचा आकडा आला एकतीस आणि नव्याने कामाला लागलेल्या पियूषचा चव्वेचाळीस.

"काका, डोळे तपासून घ्या एकदा," पियूष हसत म्हणाला.

प्रयोगशाळेचे प्रमुख शेखर सर हसले नाहीत. "दोन्ही कसे खरे असतील? सोमवारी बघू. यंत्र पियूषकडे द्यायचं का, तेही ठरवू."

नरहरी भिंग पुसू लागला. आपलंच चुकलं असणार, ही त्याची जुनी खोड.

रविवारी घरमालकीण रत्नाबाई खाचरात लावणीसाठी भाताची रोपं उपटत होत्या. पाण्यात आभाळ उतरलं होतं; त्या जणू आभाळातूनच हिरव्या मुठी काढत होत्या. नरहरीला खोलीत करमेना. तोही चिखलात उतरला, एक मूठ धरली आणि दिला हिसका. पाती तुटून हातात आली, मुळं राहिली खाली.

"आरं द्येवा! भाऊ, रोप हाय ते, कुणाची शेंडी न्हाई!" रत्नाबाई ओरडल्या. "हिसका दिला की माती लई घट्ट धरती. दमानं वढा, मंग तीच सोडती."

त्याने दमाने ओढलं. पांढरी मुळं अलगद सुटून आली. मग दुपारभर तो ओढत राहिला. हातात रोप आहे की तंतू, बोटांखाली चिखल आहे की रेझिन, काही कळेना. माती तीच, पण घाई केली की तिची पकड निराळी.

सोमवारी त्याने भीतभीतच विचारलं, "पियूष, तू किती वेगानं ओढलंस?"

"तुमच्या शंभरपट तरी. पाच-चाळीसची बस सुटत होती ना!"

शेखर सरांनी मान वर केली. जुने अहवाल काढले. वेग कुठेच नव्हता.

"मी कधी लिहिलाच नाही, सर," नरहरी पुटपुटला. "हळूच ओढायचं असतं हे सगळ्यांना ठाऊक असणार, असं वाटलं."

दोघांनी वेग बदलून पुन्हा ओढलं. घाईतला नरहरी त्रेचाळीसवर गेला, दमाने ओढणारा पियूष बत्तीसवर आला.

"डोळे ठणठणीत आहेत तुमचे," सर म्हणाले. "अहवाल मात्र अठरा वर्षं अर्धेच लिहिलेत. बसा, तुमच्याच जागेवर. आणि ह्यालाही शिकवा."

नरहरीने पट्टी लावून कोऱ्या तक्त्यात एक रकाना आखला, वर 'वेग' लिहिलं आणि नवा तंतू लावला. पियूष शेजारी वाकून पाहू लागला. तंतू हलतोय की नाही तेही कळत नव्हतं.

"काका, बस जाईल."

"जाऊ दे," नरहरी म्हणाला. भिंगावरचा डोळा त्याने काढला नाही. पिवळ्या उजेडात थेंब अजून धरून होता.