चौदावा फर्मा

त्याला सगळे दाभण म्हणायचे. एक तर तो दाभणासारखाच लांब नि किडकिडीत, आणि दुसरं म्हणजे दिवसभर हातात दाभण घेऊन वाचनालयाची फाटकी पुस्तकं शिवत बसायचा. बाइंडरच तो. खोली एवढीशी. पुस्तकं दाबायचा एक शिकंजा, पुठ्ठ्यांची चळत, खळीचं पातेलं, आणि मग जी जागा उरेल ती त्याची.

पुस्तक उसवलं की त्याचे सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे होतात. शहाणा बाइंडर ते परत शिवतो. दाभण आधी वाचायचा. प्राचीन रोमवरच्या त्या कादंबरीमालेचा पहिला भाग शिवायला आला तेव्हा "दोन पानं नजरेखालून घालू" म्हणाला, आणि गडी जो रोमला गेला तो परत आलाच नाही. काय ते रथ, काय त्या तलवारी, काय तो एकडोळ्या सेनापती! सहा भाग होईतो तो घरात चादर खांद्यावरून गुंडाळून फिरायला लागला होता. बायको स्वयंपाकघरात एकटीच असली तरी दारातून "नागरिकहो!" अशी हाक मारायचा.

"नागरिकहो म्हणतात, चादर सोडा. धुवायचीय," ती म्हणायची.

शिवायला आलेल्या सातव्या भागासाठी मात्र मास्तर थांबले होते. शाळेत दाभणाला बाराखडी गिरवायला लावणारे हेच मास्तर. आता निवृत्त आणि एकटे. सहा भाग संपवून सातव्यासाठी रोज वाचनालयात चौकशी करायचे. आणि वाचनालय सांभाळायची दाभणाची सख्खी वहिनी.

"भाऊजी, झालं का मास्तरांचं पुस्तक?"

"खळ वाळली नाही, वहिनी."

"तीन आठवडे? खळ लावलीत की चिखल?"

"हवा दमट आहे हो."

"दमट? डांबर वितळून माझी चप्पल चिकटतेय रस्त्याला!"

वहिनी गेली की दाभणाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग तो स्वतःला बजावायचा, आज शिवूनच टाकू. आणि शिवण्याआधी एकच फर्मा, म्हणून पुन्हा बसायचा.

चौदाव्या फर्म्यात तर सेनापतीच्या प्याल्यात विष कोणी घातलं तेच होतं. दाभणाने शेवटची ओळ वाचली, तोंडातून "अरे बापरे!" निघालं, आणि तेवढ्यात जिन्यावर वहिनीची चप्पल वाजली. त्याने फर्मा शेजारच्या ढिगात सारला. तो ढीग होता मधमाशा पाळण्याच्या पुस्तकाचा. तेही असंच उसवून पडलेलं, आकाराने तेवढंच, कागदही तितकाच पिवळा.

"आज पुस्तक घेतल्याशिवाय हलणार नाही," म्हणून वहिनी खोलीतल्या एकुलत्या एक स्टुलावर बसली.

दाभण ताडकन कामाला लागला. त्याने भराभर फर्मे लावले. चौदावा कुठाय? ढिगात हात घातला, पहिल्या पानाच्या तळाशी १४ आकडा दिसला, ओढला, शिवला. बाइंडर आकडा बघतो, मजकूर बघत नाही. मजकूर बघणारा सगळ्या गावात हा एकच बाइंडर, आणि त्याने नेमका त्या दिवशी बघितला नाही.

"बघा, वाळली की खळ!" वहिनी पुस्तक काखोटीला मारून गेली.

दहा दिवसांनी ती आली ती उतरल्या चेहऱ्याने. "भाऊजी, मास्तरांनी कार्ड परत केलं."

"का?"

"म्हणतात, डोकं गेलं माझं. सेनापती प्याला ओठाला लावतो, मी पान उलटतो, तर तिथे लिहिलंय, म्हातारी राणी हलक्या चिमटीत धरून बाहेर काढावी आणि मग धूर द्यावा. आधी त्यांना वाटलं, राजवाड्यातला कट आहे, सांकेतिक भाषेत. सोळा पानं मन लावून वाचली. पुढे बघतात तर एकदम सेनापतीची चिता! मेला कसा, मारलं कोणी, काही आठवेना. म्हणजे वाचलं आणि विसरलो, म्हणतात. पानांचे आकडे तर बरोबर आहेत, दोनशे आठनंतर दोनशे नऊ."

"तुम्ही उघडून नाही बघितलं?"

"मी कशाला बघू? तुम्ही शिवलंय म्हणजे चूक असेल का!"

या वाक्याने दाभण पुरता खचला. ती गेल्यावर त्याने मधमाशांचा ढीग उपसला. मोहोळ आणि मेण यांच्या मधोमध सेनापती निवांत तडफडत पडला होता.

फर्मा पिशवीत घालून तो मास्तरांकडे पोचला. दारावर आतून चिठ्ठी: "किल्ली खिशात." शेगडीच्या वर: "बंद केलीस का?" टेबलावर एका कागदावर एकोणतीसचा पाढा तीनदा लिहिलेला, तिसऱ्यांदा खाडाखोड.

"ये रे दाभणा," मास्तर म्हणाले. "बरं झालं, ओळखलं तुला. उद्याचं काही सांगता येत नाही."

"मास्तर, तुमचं डोकं शाबूत आहे. गेलंय ते माझं." आणि त्याने सगळं ओकून टाकलं. तीन आठवडे, खळ, स्टूल, मधमाशा, सगळं.

मास्तरांनी पाढ्याचा कागद उचलला, चार घड्या केल्या. "आठ रात्री झोपलो नाही रे मी."

"कान धरू का, मास्तर?"

"ते नंतर. आधी फर्मा दे." फर्मा हातात आला तसा त्यांच्या तोंडावर रंग चढला. "आणि सांगू नकोस हां काही! विष कोणी घातलं ते मी सहाव्या भागातच ओळखलंय. तो वैद्य."

"छे, वैद्य कुठला! धाकटा भाऊ—"

दाभणाने दोन्ही हात तोंडावर दाबले. उशीर झाला होता.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आता धर कान."

दाभणाने धरले. पन्नाशीचा माणूस, पण उभा राहिला पहिलीतल्या पोरासारखा.

"कार्ड परत आणून दे माझं," मास्तर म्हणाले. "आणि आठवा भाग शिवायला आला, की आधी मी वाचणार."

दाभणाने मान खाली घातली. खोटं बोलायला जीभ वळली, पण शेगडीवरची चिठ्ठी दिसली. "आलाय, मास्तर. सहा फर्मे... झालेत वाचून."

"मग तोंडाला खळ लाव, आणि वाळू दे नीट," मास्तर म्हणाले. दाभण दारापर्यंत गेला तशी मागून हाक आली. "आणि काय रे, त्या म्हातारीला काढल्यावर नव्या राणीला पोळं घरात घेतं की नाही? पंधरावा फर्मा असेल ना तुझ्याकडे?"