कणकुंबीच्या घरातली चूल

उद्यमबागेतल्या फौंड्रीत चौतीस वर्षं भट्टीसमोर उभं राहिलेल्या माणसानं निवृत्त झाल्यावर काय करावं? येळ्ळूरला स्वतःचं घर आहे, भाताचं शेत आहे, संध्याकाळी गप्पा मारायला सोबती आहेत. पण आमच्या मारुतीरावांनी कणकुंबीला घर घेतलं. डोंगरावर, चोर्ला घाटाच्या तोंडाशी, जिथं पावसाळ्यात धुतलेलं लुगडं आठ-आठ दिवस वाळत नाही. मला विचारलं का? विचारलं, पण सही करून आल्यावर.

मी तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी तेच म्हणाले, "एक वरीस ऱ्हाऊन बघू. ह्या दसऱ्यापासनं फुडच्या दसऱ्यापतुर, बाराही म्हैने. मग तू इका म्हणलीस तर इकायचं. मी एक शब्द बोलणार न्हाय."

"देवासमोर म्हणा," मी म्हणाले. त्यांनी देव्हाऱ्यापुढं उभं राहून म्हटलं. मी त्याच दिवशी मनात ठरवून टाकलं, की वर्ष कसंही काढायचं आणि घर विकायचं.

कणकुंबीला आल्यावर ह्या माणसानं पहिलं काम काय केलं, तर कुदळ घेऊन स्वयंपाकघरातली जुनी चूल मोडली. "जन्मभर आग बघितली. आता घरात आग नको," म्हणाले आणि गॅसची शेगडी मांडली. शेजारची लक्ष्मीबाई कुंपणापलीकडून बघत होती.

थंडी आली. सकाळी दहापर्यंत धुकं हलायचं नाही. मी दोन गोधड्यांत, आणि हे उघड्या हातांनी दारापुढच्या सोप्यात बसलेले. कोपरापर्यंत भट्टीच्या ठिणग्यांचे जुने डाग. "गार लागतंय बघ," असं मला रोज सांगायचे, कुणी बक्षीस दिल्यासारखं. चैत्रात मागच्या जाळीत करवंदं पिकली. मे महिन्यात येळ्ळूरची सगळी पाहुणेमंडळी राहायला आली. माझी नणंद अक्काताई भर उन्हाळ्यात पांघरूण घेऊन झोपली आणि सकाळी म्हणाली, "वैनी, नशीब काढलंस गं." मला बरं वाटलं. पण तोंडावर दाखवेन तर मी मंगल कसली.

मग पावसाळा लागला. पंधरा दिवस, महिना, दोन महिने. भिंतींना हात लावला तर हात ओला व्हायचा. श्रावणात एके दिवशी मी तांदळाची कोठी उघडली. आमच्या शेतातला बासमती मी येळ्ळूरच्या रीतीनं पत्र्याच्या कोठीत, घट्ट झाकण लावून, मागच्या अंधाऱ्या खोलीत ठेवला होता. झाकण काढल्याबरोबर कुबट वास आला. आतला तांदूळ हिरवा पडलेला. ट्रंक उघडली, तर माझ्या लग्नाच्या शालूवर पांढरी बुरशी. मी तिथंच फरशीवर बसून रडले. आणि खरं सांगते, रडता रडता थोडा आनंदही झाला. घर विकायला कारण सापडलं होतं.

निपाणीचे अभिनंदन पाटील उन्हाळ्यात घर बघून गेले होते. तंबाखूचे व्यापारी, गोड बोलणारा माणूस. मी यांच्यासमोरच त्यांना फोन लावला आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी या, घर देतो, म्हणून सांगितलं. मारुतीराव ऐकत होते. उठून सोप्यात जाऊन उभे राहिले. एक शब्द बोलले नाहीत. भांडले असते तर मला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी लक्ष्मीबाई आळूची पानं घेऊन आली. तांदूळ बघून तिनं कपाळाला हात लावला.

"मंगलाक्का, चुलीबगर हितं घर कसं ऱ्हाईल? आमी मिरगापासनं दसऱ्यापतुर चूल इझूच देत न्हाय. रातीला निखारं राखंत झाकायचं, सकाळी परत फुलवायचं. धूर माळ्यावरनं कौलातनं जातो, तवा लाकूड वाळतंय, धान्य वाळतंय. तुमी चूल मोडलासा तवाच सांगणार हुतो. पर फौंड्रीतलं मानूस, म्हटलं असंल काय तरी नवीन."

मारुतीराव दारात उभे होते. त्यांची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी भर पावसात डोक्यावर पोतं घेऊन ते बाहेर पडले आणि वारुळाची माती घेऊन आले. तिच्यात भाताचं तूस घातलं, पायांनी मळली, हातात घेऊन दाबून बघितली, पुन्हा पाणी शिंपडलं. तीन दिवस चालू होतं. फौंड्रीत साचे बनवणारा हात तो. चूल अशी घडवली, की बाजूच्या वैल चुलीलाही सारखी आच लागत होती आणि धूर सरळ वर माळ्याकडं जात होता, डोळ्यांत येत नव्हता. चौथ्या दिवशी पेटवली आणि हे तिच्यासमोर पाटावर बसले. ज्वाळेच्या उजेडात हातांवरचे ते डाग स्पष्ट दिसत होते.

मी म्हणाले, "तुमास्नी घरात आग नको हुती न्हवं?"

"अजून बी नकोच हाय."

"मग?"

"तू इकणार हाईस. घेणाऱ्याला ओलं घर कसं द्यायचं? चूक माझी हाय, घराची न्हाय."

मी शालू आणला आणि चुलीच्या वरच्या दांडीवर पसरला. मला त्या क्षणी त्यांची फार माया आली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, तरी हा माणूस मला पुरता कळला नव्हता.

त्यानंतर चूल विझली नाही. पहाटे उठून राख बाजूला सारायची आणि निखारे फुंकायचे, हे मीच करू लागले. आठवड्याभरात भिंती कोरड्या झाल्या. येळ्ळूरहून दुसरा तांदूळ आणून माळ्यावर ठेवला. बाहेर पाऊस कोसळत असताना आम्ही दोघं चुलीपुढं बसून भाकरी खायचो, आणि मला येळ्ळूरची आठवण आली नाही, असे दिवस जायला लागले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाटील आले. सगळं घर फिरले. स्वयंपाकघरात उभे राहून म्हणाले, "ही चूल काढू. इथं मोठा फ्रीज बसतो. उन्हाळ्यात पाहुणे ठेवायचे, पावसाळ्यात चार महिने कुलूप."

मारुतीराव भिंतीला टेकून जमिनीकडं बघत होते.

"पाटील," मी म्हणाले, "जेवून जावा. भाकरी आणि आळूची भाजी हाय. पण घर मिळणार न्हाय."

"वहिनी, फोनवर तर तुम्हीच व्हय म्हणालता."

"म्हणालते. चुकलं माझं."

भला माणूस, हसला आणि पोटभर जेवून गेला. त्यांची गाडी वळणापलीकडं गेल्यावर मारुतीराव म्हणाले, "मी एक शब्द बोललो न्हाय."

"न्हाय बोलला. वरीस संपलं, आता बोला."

ते जरा बिचकत म्हणाले, "न्हाणीत एक छोटी चूल घालू काय? आंघोळीच्या पाण्याला?"

"घाला," मी म्हणाले. "ह्या खेपंला आधी इचारलं तुमी."