खिडकीचे चार इंच

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुमच्या मुठीत एक गोल पोलादी डबी आहे. तिच्या कडा घासून गुळगुळीत झाल्या आहेत. बाहेर डोकावणारं टोक ओढलं, की आतून पिवळी पट्टी सरसर बाहेर येते आणि सोडली की खटकन आत पळते. उघडा डोळे. तो मी! मी एक जुना टेप आहे. भिंती, दारं, खिडक्या मोजणारा.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या अंगावर एकापासून एकशे ऐंशीपर्यंत सगळे इंच होते. तीन महिने मी दुकानात कुलपांच्या शेजारी टांगून होतो. मग एका तरुण गवंड्याने मला विकत घेतलं. गंमत म्हणजे, त्याला आकडे वाचता येत नव्हते.

"वाचता येत नाही, तर टेप कशाला घेतलास? कमरेला शोभेला?" त्याच्या मिस्त्रींनी विचारलं.

"तुम्ही शिकवाल म्हणून."

मिस्त्रींना हसू आलं, पण त्यांनी शिकवलं. रोज जेवणाच्या सुट्टीत दोघं विटांच्या ढिगावर बसत. मिस्त्री माझ्यावर बोट ठेवत आणि गवंडी मोठ्याने म्हणे. अशा रीतीने, मित्रांनो, मी आयुष्यात आधी पुस्तक झालो आणि मग टेप.

माझा गवंडी पुढे बांधकामाची कामं घेऊ लागला. एकमजली घरं झाली, चार मजली इमारती झाल्या, मग अख्ख्या वसाहती उभ्या राहिल्या. लोक त्याला शेठ म्हणू लागले. मिस्त्री त्याच्याकडेच कामाला राहिले. शेठचा एक नियम होता. इमारत कोणतीही असो, तळमजल्यावरची एक खोली सगळ्यात आधी पुरी करायची आणि काम संपेपर्यंत तिथे मजुरांच्या मुलांचा वर्ग भरवायचा. एकदा एक गिऱ्हाईक नमुन्याचा फ्लॅट बघायला आलं आणि आत तीस मुलं पाढे म्हणत होती! शेठ म्हणाले, "फ्लॅट हाच आहे. आवाज मात्र सोबत मिळणार नाही."

पुढे त्यांनी शाळाच बांधायला घेतल्या. एक, दोन, पाहता पाहता पाच झाल्या. प्रत्येक शाळेची मापं त्यांनी स्वतः घेतली आणि प्रत्येक वेळी मलाच बाहेर काढलं. मला त्याचा अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

मधल्या काळात एक अपघात झाला होता. लोखंडी दारात सापडून माझं टोक तुटलं. पहिले चार इंच गेले आणि माझी सुरुवातच चारच्या आकड्यापासून होऊ लागली. सगळे म्हणाले, नवा घ्या. शेठ म्हणाले, "यावर मी आकडे शिकलो. हा जाणार नाही." तेव्हापासून एक रीत पडली. शेठ मापं घेत आणि माझ्यावर दिसेल तो आकडा ओरडून सांगत. मिस्त्री त्यातून चार वजा करून वहीत लिहीत. हे दोघांमध्ये कधी बोलून ठरलं नव्हतं. पंचवीस वर्षांत एकही माप चुकलं नाही.

सहाव्या शाळेच्या आधी मिस्त्री निवृत्त झाले. त्यांच्या जागी इंजिनीअर मॅडम आल्या. शेठ त्यांना आपल्या पहिल्या शाळेत घेऊन गेले. तिथे बाकावर बसलेल्या लहान मुलालाही खिडकीतून बाहेरचं दिसतं. नव्या शाळेतही तसंच हवं म्हणून शेठनी खिडकीखालच्या कट्ट्याची उंची मोजली आणि नेहमीसारखे ओरडले, "चौतीस!"

मॅडमनी चौतीस लिहिलं. खरं माप होतं तीस.

शाळा झकास उभी राहिली. बारा खोल्या, पंख्यांना नवी पाती, फरशी अशी की चेहरा दिसावा. सोमवारी मुलं येणार होती. गुरुवारी शेठ, त्यांचा मुलगा, मॅडम आणि पाहुणे म्हणून बोलावलेले मिस्त्री शेवटची फेरी मारत होते. पहिलीच्या खोलीत फरशी बसवणाऱ्या बाईंची सहा वर्षांची मुलगी बाकावर बसून बघत होती. एवढीशी होती म्हणून सगळे तिला बटण म्हणत. सोमवारी ती याच वर्गात बसणार होती.

"काय बटणबाई, आवडला का वर्ग?" शेठनी विचारलं.

"आवडला. पण आजोबा, खिडकीतून नुसतं आकाशच दिसतं. आमच्या आधीच्या वर्गात रस्ता दिसायचा."

शेठ गुडघे मोडून तिच्या शेजारी बसले आणि डोळे तिच्या डोळ्यांच्या रेषेत आणले. मग उठले ते लालबुंद होऊनच.

"मॅडम! किती सांगितलं होतं मी?"

"चौतीस, साहेब. वहीत आहे. चौतीसच बांधलंय."

शेठनी मला खिशातून काढलं आणि जमिनीपासून कट्ट्यापर्यंत ताणलं. "हे बघा, अडतीस आहे!"

मुलाने आपला नवा टेप लावला. "बाबा, चौतीस आहे."

कोणालाच काही कळेना. बटण मात्र माझ्या टोकाकडे निरखून बघत होती. "आजोबा, याचे एक, दोन, तीन कुठे गेले?"

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "शेठ, ते चार इंच इतकी वर्षं मी वजा करत होतो! जाताना कोणाला सांगायचं राहिलंच."

शेठचा राग ओसरला. ते मॅडमकडे वळले. "तुमची चूक नाही. माझी आहे. मी आवाज चढवायला नको होता."

मुलगा घाईने म्हणाला, "बाबा, सोपं आहे. बाकांखाली चार-चार इंचांचे ठोकळे ठोकू. सोमवारपर्यंत होईल."

"आणि हिचे पाय? वर्षभर लोंबकळत ठेवायचे?"

"पण बारा खोल्यांचे कट्टे फोडायचे म्हणजे महिना जाईल. उद्घाटनाच्या पाहुण्यांना काय सांगायचं?"

"सांग, शेठ मोजायला चुकला. मुलं सोमवारीच येतील. कट्टे होईपर्यंत मोठ्या सभागृहात बसतील."

मित्रांनो, त्या दिवशी मला वाटलं, आता माझी रवानगी भंगारात. पण शेठनी माझ्या डबीवर रंगाने ठसठशीत लिहून घेतलं, 'चार वजा करा'. म्हणून सांगतो, जुनी वस्तू जपा, जुनं माणूस तर जपाच. पण त्यांच्यात काही उणं असेल, तर ते झाकू नका. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगा. झाकलेलं उणं दुसऱ्याच कोणाच्या तरी वाट्याला येतं, आणि बहुतेक वेळा ते माणूस तुमच्याएवढंच लहान असतं.

महिनाभराने कट्टे खाली आले. शेठनी पाहुण्यांना बाजूला ठेवून आधी बटणला बोलावलं. ती पहिलीच्या खोलीत बाकावर बसली. पाय जमिनीला टेकले. तिने खिडकीतून रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"ठीक आहे ना?" शेठनी विचारलं. एवढ्या इमारती बांधलेल्या माणसाचा आवाज मी पहिल्यांदाच इतका हळू ऐकला.

"ही ठीक आहे," बटण म्हणाली. मग बाकावरून उतरली, शेठच्या हातातून मला घेतलं आणि दुसऱ्या खोलीकडे चालू लागली. अजून अकरा खोल्या तपासायच्या होत्या.