पट्ट्याखाली

मास्कच्या आत गुटखा चघळत ऑपरेशन करणारा माणूस पाहिलाय कधी? मी अकरा वर्षं बघायलेय. आमचे डॉक्टर शिवप्रसाद. त्या वासाची किळस येते. पण खरी शिसारी मला माझीच येते.

मी सिस्टर धम्मशीला. दुर्बिणीनं हर्निया करताना कॅमेरा मी धरते, हात लय स्थिर म्हणून. कॅमेरा धरणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही, हा आमच्या थिएटरचा रिवाज. पडद्यावर जांघेची आतली बाजू दिसते. तिथं एक पांढरट पट्टा आडवा जातो. हर्नियाच्या भोकावर बसवलेल्या जाळीला बारीक स्क्रू ठोकायचे ते त्याच्या वरच. खाली मांडीच्या नसा, शेजारी पायाची मोठी रक्तवाहिनी. हे मला पाठ झालंय, आणि डॉक्टरांना सदा घाई.

गेल्या साली ऊसतोड करणाऱ्या वैजीनाथच्या उजव्या बाजूला डॉक्टरांनी पट्ट्याखाली तीन स्क्रू ठोकले. मी बघितलं. गप्प बसले. तेव्हापासून त्याची मांडी जळते, लुंगीसुद्धा अंगाला सोसत नाही. "ताई, जाईल ना आग?" त्याची बायको पंचफुला दर खेपेला विचारायची. "जाईल की," मी म्हणायचे. थू माझ्या जिभेवर!

आज तोच वैजीनाथ डाव्या बाजूसाठी टेबलावर. सकाळी मी पंचफुलाला म्हणाले, "परत इथंच कशाला आलात गं?"

"दुसरीकडं कोण हाय वळखीचं? इथं तुमी हायत की. ही मांडी बी तशीच झाली तर मोळी कोण उचलंल?"

जाळी बसली. वर दोन स्क्रू लागले. डॉक्टरांना गंगाखेडला लग्न गाठायचं होतं. स्क्रूच्या पिस्तुलाचं टोक घसरत पट्ट्याखाली आलं, बरोबर त्याच जागी.

मी कॅमेरा बाहेर ओढला. पडद्यावर छताचा दिवा दिसायला लागला.

"ए सिस्टर! काय करायलीस? मला दिसंना!"

"खाली नसा आहेत, सर. वर मारणार असाल तर आत घालते."

"कॅमेरा धरणारी मला शिकवणार?"

"मागच्या वेळी बी मीच धरला होता, सर. तीन मोजले होते."

मास्कमागचं चघळणं थांबलं.

"घाल आत," ते म्हणाले. "वर मारतो."

मी बाहेर आले तर पंचफुला दारातच उभी. "ताई, नीट झालं ना?"

"ही बाजू नीट झाली," मी म्हणाले. "आता त्या बाजूचं खरं सांगते. बस खाली."